व्यंकट सर, मी खोडलेल्या चार ओळी

सर, तुमच्या शोकसभेच्या फलकावर तुमचं नाव चुकलं होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'संगणकमहर्षी' लिहिलं होतं. उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन खोल्यांत टायपिंगचा क्लास चालवणारा माणूस, ज्याला आयुष्यभर कुणी 'मास्तर'च्या पुढे काही म्हटलं नाही, तो मेल्यावर चौथ्या दिवशी महर्षी झाला. सभा लातूरच्या अंधशाळेत होती, तिथले संस्थाचालक अर्धा तास बोलले. त्यांच्यानंतर आणखी चौघं. पाचही जणांनी तुम्ही मुलांच्या आयुष्यात 'प्रकाश' आणला, असं सांगितलं. समोर सतरंजीवर तीस आंधळी मुलं बसली होती आणि हे लोक त्यांना प्रकाश वाटत होते.

माझ्या शेजारी तबस्सुम बसली होती. तुमची पहिली आंधळी विद्यार्थिनी, आता अहमदपूरला सरकारी कचेरीत लिपिक. पाचव्या प्रकाशाला ती माझ्या कानाशी वाकली. "मॅडम, एकालाबी दुसरा शब्द सुचंना का?"

त्या पाचांपैकी एकानंही तुमचा 'बोलकळ' हा प्रोग्रॅम कधी उघडून पाहिलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. एकाने त्याला 'मोबाईल ॲप' म्हटलं. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्याजोगं नव्हतं. तुम्ही अत्यंत अडेलतट्टू, मानी आणि त्रासदायक माणूस होतात, आणि गेले सात महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. हे दोन शब्द नव्हेत.

कंधारहून आईची बदली उदगीरच्या सरकारी दवाखान्यात झाली तेव्हा मी दहावीत होते. आईने सुट्टीत मला तुमच्या क्लासात घातलं. पहिल्याच दिवशी मी कळांकडे बघून टाइप करते म्हणून तुम्ही माझ्या हातांवर टॉवेल टाकलात. "डोळ्यानं टायपिंग करायचं आसंल तर वही घे अन् लिही. इथं बोटानं करायचं आसतंय." टॉवेलला घामाचा वास येत होता. मी घरी जाऊन रडले, तुमचा मनसोक्त तिटकारा केला, आणि सहा महिन्यांत क्लासातल्या सगळ्यांच्या पुढे गेले. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. म्हणालात, "बोटं चांगली हायत. डोकं नको मधी घालू."

तेच वाक्य पुढे वीस वर्षं तुम्ही मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलंत.

तबस्सुम आली तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगला होते. तिचे वडील तिला हाताला धरून तीन क्लासांत फिरले होते. तिन्ही ठिकाणी नकार. तुम्ही म्हणालात म्हणे, "इथं सगळ्यांच्याच हातावर टॉवेल हाय. हिला वेगळं काय?" वेगळं होतं. बाकीच्यांना पडद्यावर बघून आपली चूक कळायची, हिला कळायची नाही. म्हणून तुम्ही कुणाचं तरी जुनं पुस्तक आणून व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलात आणि बोलकळ लिहिलंत. प्रोग्रॅम अक्षर बोलून दाखवायचा, ती कळ दाबायची, दाबलेलं अक्षर परत ऐकू यायचं. चुकलं तर तुमच्याच आवाजात 'चूक'. सगळी अक्षरं तुम्ही स्वतः बोलून भरली होती. 'ट'च्या दिवशी तुम्हाला सर्दी झालेली होती. तो 'ट' अजून तसाच आहे.

तबस्सुम परीक्षा पास झाली. मग एकाचे चार झाले, चाराचे दहा, आणि शेवटी लातूरच्या अंधशाळेने बोलकळ त्यांच्या दोन जुन्या संगणकांवर घेतला. मी तोवर पुण्यात नोकरी करून, कंटाळून नांदेडला परत आले होते आणि एका खोलीत स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम थाटलं होतं. एका रविवारी तुम्ही दारात. रुमालाच्या गाठीत पेनड्राइव्ह.

शाळेला कुणीतरी वीस नवे संगणक देणगी दिले होते. त्यांच्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि ते बदलायचं नाही अशी देणाऱ्यांची अट होती. जुने दोन्ही संगणक भंगारात गेले होते. आणि विंडोजसाठी लिहिलेला बोलकळ लिनक्सवर उघडतसुद्धा नव्हता.

"हे तुझ्या लिनक्सवर चढव," तुम्ही म्हणालात. "जसंच्या तसं."

"जसंच्या तसं चढत नसतं सर. नव्यानं लिहावं लागतंय."

"नव्यानं कामून? चालू हाय की."

"विंडोजवर चालू आहे."

"मंग तुझ्या लिनक्सला म्हणावं, शीक."

मी पेनड्राइव्ह लावला आणि तुमचं लिखाण उघडलं. सर, तुम्ही गेलात म्हणून मी खोटं बोलणार नाही. ते लिखाण म्हणजे उकिरडा होता. हजारो ओळी एकाच फाइलीत. एका भागाचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन२', तिसऱ्याचं 'खरंनवीन'. कुठली ओळ कशासाठी आहे याचा एका शब्दाने खुलासा नाही. आवाजांच्या फाइली तुमच्या उदगीरच्या संगणकावर ज्या ठिकाणी होत्या तो पत्ता जागोजागी ठोकून बसवलेला. मी मोठ्याने हसले. तुम्ही मागे खुर्चीवर डबा उघडून बसला होतात. घास तसाच हातात राहिला.

आधी मी सोपी वाट धरून पाहिली. लिनक्सवर विंडोजचं सोंग वठवणारा एक थर असतो, त्यातून जुने प्रोग्रॅम चालतात. बोलकळ चाललाही, पण आवाज फाटून यायला लागला. 'प' आणि 'फ' सारखेच ऐकू येत. ज्याला फक्त कान आहेत त्याला ते देऊन काय उपयोग? तेव्हा सगळं पायथन या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं ठरवलं. तुम्ही दर रविवारी उदगीरहून एसटीने यायचात, त्याच खुर्चीत बसायचात आणि दर अर्ध्या तासाने विचारायचात, "झालं का?"

पडद्यावरचा मराठी फाँट जुना होता. लिनक्सवर सगळ्या मजकुराचा काला झाला. तो निस्तरण्यात माझे अकरा दिवस गेले. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी बसवलं आणि अभिमानाने पडदा तुमच्याकडे वळवला. तुम्ही बराच वेळ बघितलंत.

"लई सुंदर," म्हणालात. "कुणाला दाखवायलीस?"

अकरा दिवस, सर. आंधळ्या मुलांसाठी. मी त्या दिवशी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

त्याच रागात पुढच्या रविवारी मला त्या चार ओळी सापडल्या. चुकीची कळ दाबली गेली की प्रोग्रॅम काही कोटींपर्यंत आकडे मोजायचा. नुसते मोजायचा. त्या मोजण्याचं पुढे काहीही व्हायचं नाही. त्या आकड्याला तुम्ही इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं: डी, ए, एम.

"डॅम?" मी म्हटलं. "इथं धरण बांधलंत का सर? पाणी कुठून आणायचं?"

माझ्याकडे काम शिकणाऱ्या दोन मुली होत्या, त्या खुदकन हसल्या. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही एवढंच म्हणालात, "राहू दे ते."

"कशासाठी आहे ते सांगा, मग ठेवते."

"राहू दे म्हटलं ना."

सांगायला दोन वाक्यं लागली असती. तुम्ही ती बोलला नाहीत, कारण तुमची टिंगल झाली होती. आणि मी पुन्हा विचारलं नाही, कारण टिंगल मीच केली होती. तुम्ही बस पकडायला गेल्यावर मी त्या चार ओळी नव्या लिखाणातून खोडल्या.

शाळेत नव्या संगणकांचं उद्घाटन ठरलं. संस्थाचालक, फीत, फोटोवाला. वीस मुलं वीस यंत्रांसमोर बसली. सुरुवात झाली आणि अर्ध्या मिनिटात सगळं कोसळलं. एखाद्याची कळ चुकली की मूल बिचकायचं, बोटं उचलायचं, मग कळांवरचे ते दोन बारके उंचवटे चाचपून बोटं पुन्हा जागेवर आणायला बघायचं. पण तोवर माझ्या चपळ प्रोग्रॅमने पुढचं अक्षर बोलून टाकलेलं असायचं. ते हुकायचं. परत चूक, परत पुढचं अक्षर. वीस यंत्रांतून तुमचाच आवाज: चूक, चूक, चूक. एकेका मुलाने हात मांडीवर घेतले. संस्थाचालक म्हणाले, "छान आहे, सराव करा," आणि फोटोसाठी उभे राहिले. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. त्यांना आजही कळलेलं नाही.

तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "शिकलेली हाय पोरगी. पण ऐकून घ्यायची सवय न्हाई तिला."

"आणि तुम्हाला सांगायची नाही," मी म्हटलं. इथवर ठीक होतं. इथवरचं भांडण आपण शंभरदा केलं होतं. पण मी थांबले नाही. "तुमच्या त्या कचऱ्यातून एवढं तरी निघालं, हेच खूप समजा."

तुम्ही चप्पल घातलीत आणि गेलात. तुमच्याशी माझं शेवटचं वाक्य ते आहे, सर.

आता जे सांगते ते तुम्हाला माहीत नाही. दोनच दिवसांनी मी तुमचं मूळ लिखाण परत उघडलं. त्या चार ओळींच्या वर तुम्ही आधीचे आकडे नुसते रद्द करून ठेवले होते. तीस हजार. मग चार लाख. मग नव्वद लाख. संगणक जसजसे वेगवान येत गेले तसतसं तेच मोजणं चटकन संपायला लागलं, म्हणून तुम्ही दर वेळी आकडा वाढवत गेला होतात. कचरा टाकणारा माणूस कचऱ्याची इतकी निगा राखत नाही. तिथे तुम्हाला मुलासाठी थांबायचं होतं, आणि थांबण्याची बरी रीत तुम्हाला ठाऊक नव्हती, एवढंच. मी दहा मिनिटांत दुरुस्ती केली. मोजणी नाही, सरळ दीड सेकंदाचा थांबा. फाइल तयार झाली.

आणि ती मी पाठवली नाही. तुम्ही फोन कराल, मग पाठवू, असं ठरवलं. एवढी शिकलेली बाई. सात महिने ती फाइल माझ्या टेबलावर पडून होती, आणि मी नांदेडमध्ये कुणाच्या ना कुणाच्या दुकानाची सॉफ्टवेअरं करत तुमच्या फोनची वाट बघत होते. तुमच्याबद्दल वाटणारा तिटकारा मला जन्मभर पुरला असता. पण या सात महिन्यांचा विचार आला की तो सगळा माझ्याकडेच वळतो.

शोकसभा संपल्यावर तबस्सुमने मला थांबवलं. भिंतीकडेला ते वीसही संगणक फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवले होते.

"चालत न्हाईत का हे?" मी विचारलं.

"कोण चालवणार? त्या दिवसापासून पोरं हातच लावंनात." तिने कोपऱ्याकडे मान वळवली. तिथे एक पिवळट पडलेला जुना संगणक होता. "सरांनी क्लासातला आपला उचलून आणून दिला. टेंपोत मांडीवर धरून आणला म्हणे. जुन्या बोलकळसाठी अठरा पोरं त्याच एकावर नंबर लावतात."

मी तिला त्या नावाचं विचारलं. धरणाचं.

तबस्सुम हसली. "धरण कुठलं मॅडम! दम. मी सरांना म्हटलं व्हतं, सर, चुकल्यावर जरा दम घेऊ द्या की मला. लगेच पुढचं बोलू नका. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, घे, तुझा दम घातलाय आत."

दम, सर. मराठीत. डोक्यातलं सगळं इंग्रजी बाजूला ठेवलं असतं तर कंधारच्या बाईला तो शब्द वाचता आला असता.

नांदेडची कामं टाकून मी तीन दिवस लातूरला राहिले. कापडं काढली, वीसही यंत्रांवर दुरुस्त बोलकळ चढवला. पहिल्या यंत्रावर तपासताना मी मुद्दाम चुकीची कळ दाबली आणि तुमच्या आवाजात 'चूक' ऐकू आलं. मी हेडफोन काढून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. गेलेल्या माणसाने इतक्या ठणठणीत आवाजात चूक म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी मुलांना बसवलं. सुरुवातीला बोटं भीत होती. मग हळूहळू चालायला लागली. चूक, थांबा, बोटं जागेवर, पुढचं अक्षर. तासाभराने खोलीत नुसता कळांचा आवाज होता. मला वाटलं, संपलं. मी सामान आवरायला घेतलं.

तेवढ्यात निलंग्याकडची रेणुका म्हणून एक पोरगी वैतागून म्हणाली, "मॅडम, हे लई थांबायलंय. मी कवाची तयार हाय, अन् हे बसलंय गप."

दुसऱ्या टोकाचा मुलगा म्हणाला, "न्हाई मॅडम, मला आजून थोडं पाहिजे."

मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि मला एकदम लख्ख कळलं की तुम्हीही चुकला होतात. दम एकट्या तबस्सुमचा होता. तिच्या बोटांना लागला तेवढा वेळ तुम्ही आत घातलात आणि वर्षानुवर्षं प्रत्येक मुलाला तोच दिलात. कुणाला विचारलं नाहीत. जसंच्या तसं! मी तुमच्या चार ओळी न विचारता खोडल्या आणि तुम्ही त्या न विचारता सगळ्यांना लावल्या. तिसऱ्या दिवशी मी दोन कळा राखून ठेवल्या. एक दाबली की थांबा वाढतो, दुसरी दाबली की कमी होतो. ज्याने त्याने आपला ठरवावा. रेणुकाने तो शून्यावर नेला आणि अशी सुटली की मी तिच्या वयात, डोळे असून, त्या वेगाने कधी गेले नव्हते.

हा मुद्दा मी जिंकले होते, सर. निर्विवाद. तुम्हाला तिथल्या तिथे फोन लावावा आणि सांगावं, ऐका, नव्यानं लिहिलं म्हणून हे जमलं, असं इतकं अनावर वाटलं की मी खरंच फोन काढला.

संस्थाचालक दाराशी आले होते. "काय मॅडम, महर्षींचं काम पुढे चाललंय ना?" मी त्यांना म्हटलं, आधी त्यांचं नाव नीट लिहायला शिका. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

लातूरहून मी नांदेडला गेले नाही, उदगीरला आले. तुम्हा दोघांचं घर असलेल्या क्लासच्या मागच्या खोलीत काकू तूर निवडत बसल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "आलीस? तिकडं सभेत तर मला तोंड बी दाखवलं न्हाईस."

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "काकू, सरांना एक सांगायचं राहिलं."

"ते तर लई जणांचं राहिलंय. रोज दोघं-तिघं येऊन सांगून जायलेत." त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. "निवड. अन् सांग. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर मी ऐकते."

मी तूर निवडत सगळं सांगितलं. विंडोज, लिनक्स, फाटका आवाज, अकरा दिवसांचा फाँट, खोडलेल्या चार ओळी, मी तुमच्या तोंडावर काय बोलले ते, टेबलावर पडून राहिलेली फाइल, रेणुका. त्या मान हलवत राहिल्या. एकदाच माझा हात थांबला तेव्हा त्यांनी सूप किंचित हलवलं आणि मी परत बोलायला लागले. सगळं संपल्यावर त्यांनी कोंडा फुंकून टाकला आणि विचारलं,

"म्हंजी चुकलं कुणाचं?"

"दोघांचं."

"मंग बराबर हाय," काकू म्हणाल्या.